रिकामा वेळ कुणाच्या मालकीचा?

पुण्याच्या माणसांना मुळशी तालुका माहीत असतो तो सहलीसाठी. पावसाळा लागला की शनिवार-रविवारी पौड रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. घोटावडे फाटा ओलांडून ती धरणाकडे, पुढे ताम्हिणी घाटाकडे सरकत राहते. वाटेत कणसं, भजी, धबधबे, शेतघरं, रिसॉर्टं. या सगळ्या मौजेला जे काम लागतं, म्हणजे खोल्या झाडणं, चादरी धुणं, भाकऱ्या थापणं, ते बऱ्याच ठिकाणी आसपासच्या गावांतल्या बायाच करतात. शहराची सुट्टी हा त्यांचा सगळ्यात जड दिवस असतो.

मी घोटावडे परिसरात बचत गटांबरोबर काम करते. एका बैठकीत हप्त्यांचा हिशेब लवकर आटोपला, तेव्हा मी सहज विचारलं, "केवळ आपल्याला आवडतं म्हणून काही केलं, असं शेवटचं कधी घडलं?" आधी सगळ्या हसल्या. मग एकेक उत्तर आलं. आळंदीला गेलो होतो. भाचीच्या लग्नात नाचलो होतो. एक मावशी म्हणाल्या, "दवाखान्यात नंबर लागेस्तोवर दोन तास नुस्ती बसले व्हते. लई बरं वाटलं." रिसॉर्टवर पाच वर्षं काम करणाऱ्या एकीनं सांगितलं की तिथल्या तलावाच्या कडा ती रोज घासते, पण पाण्यात पाय घालून कधी बसलेली नाही.

हे एका गावापुरतं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाकाठी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं जातात, आणि असा हात लावणारे पुरुष मुळातच थोडे. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करण्याचा वेळ यात धरलेलाही नाही.

मग गावात करमणूक नाही का? भरपूर आहे. पार आहे, तालीम आहे, शाळेच्या मैदानावर क्रिकेट आहे. यात्रेत कुस्त्यांचा आखाडा असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिल्यापासून जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीही पुन्हा भरतात. यात्रेची वर्गणी घरटी घेतली जाते, म्हणजे बाईच्या मजुरीतूनही जाते. पाहुण्यांचा स्वयंपाकही तिचाच. पारावर मात्र ती बसत नाही. 'बसू नको' असं कुणी म्हणत नाही, तरी ती बसत नाही. बाहेर पडायला तिला निमित्त लागतं: दळण, सरपण, पाणी, देव.

या निमित्तांतूनच आपल्या आया-आज्यांनी स्वतःची जागा काढली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कितीतरी याच मुळशी-मावळातल्या आहेत. नवरा, सासर, माहेर, सगळ्यांबद्दलचं मन बाई जात्यापाशी मोकळं करायची. पण त्यासाठी पहाटे उठून दळावं लागायचं. गिरणी आली, नळ आला, हे फार चांगलं झालं. जातं परत यावं असं म्हणणाऱ्यांनी ते स्वतः ओढून बघावं. एवढंच की जातं आणि पाणवठा गेला तेव्हा तिथली सोबतही गेली, आणि वाचलेला वेळ बाईच्या हाती न राहता कारखान्याच्या पाळीत आणि रिसॉर्टच्या खोल्यांत गेला.

सण-उत्सवातली मोकळीक उरते. झिम्मा-फुगडीत बाईचं शरीर खुलतं, हे खरंच आहे. मलाही फुगडी आवडते. पण हळदीकुंकवाला विधवेला बोलावणं नसतं, टाकलेली बाई स्वतःच जात नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, राज्य सरकारनेही त्यामागोमाग परिपत्रक काढलं. कुंकू लावणाऱ्या हातांपर्यंत ते अजून पोचायचं आहे. अलीकडे निवडणुका जवळ आल्या की 'खेळ पैठणीचा' भरतो. त्यात बायका उखाणे घेतात आणि फलकावर फोटो पुढाऱ्याचा असतो.

आपल्या संघटनांनीही या विषयाकडे जरा संकोचानेच पाहिलं आहे. मारहाण, पाणी, रेशन, रोजगार यांपुढे विरंगुळा म्हणजे चैन वाटते. मैत्रिणींनो, १८९० साल आठवा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिलला मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते. मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची, आणि तिच्या बाजूने दोन कामगार बायांनी भाषणं केली. १० जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. पोट हातावर असताना त्या बायांनी विश्रांती मागितली. ती सुट्टी गिरणीतली होती, चुलीची सुट्टी मागायची अजून राहिलीच आहे.

चार बायका निवांत बसल्या की मारहाणीच्या गोष्टीही बाहेर येतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. पण विरंगुळ्याची बाजू मी त्या आधारावर मांडू इच्छित नाही. बाईच्या मोकळ्या वेळातून काहीतरी निष्पन्न व्हायलाच हवं, ही अट पारावर बसलेल्या पुरुषाला आपण घालतो का?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून बहुधा शिलाई मशीन येतं, म्हणजे पुन्हा कामच. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिथे जागा आणि वेळ मागता येईल. मैदानावरची एक संध्याकाळ, पोहायला शिकवणारी एखादी बाई, देवळात न जाणारी एक सहल. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, ते फक्त माहेर आणि दवाखान्यासाठी नाही.

आमच्या गटाने मागणी लिहून काढली आहे: शाळेचं मैदान, मंगळवारी संध्याकाळी पाच ते सात, फक्त बायका आणि मुलींसाठी. शनिवार-रविवार सुचवला होता, पण तेव्हा अर्ध्याजणी कामावर असतात, म्हणून मंगळवार ठरला. लंगडी खेळायची की नुसतं बसायचं, यावर अजून वाद चालू आहे. त्या संध्याकाळी घरी भात कोण टाकणार, हा मुद्दा अर्जात घालावा असं दवाखान्यात बसलेल्या मावशींचं म्हणणं आहे. पुढच्या बैठकीत त्यावर मत घेणार आहोत.