कुत्र्याच्या ताटलीतलं कच्चं मांस आणि घरातली माणसं

"डॉक्टर, कुत्र्याचं खाणं हा तुमचा विषय कधीपासून झाला?" असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याला काय मानवतं हे पशुवैद्यानं सांगावं. पण गेल्या पावसाळ्यात ७४ वर्षांचे एक आजोबा माझ्याकडे आले आणि तेव्हापासून हा विषय माझाही झाला.

मधुमेह जुना, आम्लपित्ताची गोळी रोज चालू. चार दिवस ताप आणि जुलाब. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही खाल्लं असेल. माझ्याकडे आणलं तेव्हा रक्तदाब खाली गेलेला, लघवी कमी झालेली. तसंच रुग्णालयात पाठवलं. रक्ताच्या कल्चरमध्ये साल्मोनेला निघाला. हा टायफॉइडचा जंतू नव्हे बरं का. टायफॉइडचा जंतू याच कुळातला, पण तो फक्त माणसात राहतो. हे त्याचे भाऊबंद कोंबड्या, डुकरं, गुरं यांच्या आतड्यात राहतात आणि मांस, अंडी यांतून आपल्यापर्यंत येतात. आजोबा आठ दिवस दवाखान्यात होते. किडनीचे आकडे वर गेले होते, सुदैवानं परत खाली आले.

घर शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. मग हे आलं कुठून? दुसऱ्या दिवशी मुलगा सहज बोलून गेला, "आमच्या लॅब्रॅडॉरला आम्ही कच्चा चिकन खिमा देतो, त्यात ते कोरडं मिक्स भिजवून घालतो. बाबाच कालवतात, त्यांच्या हातचंच तो खातो."

आता प्रामाणिकपणे सांगतो, जंतू त्या खिम्यातूनच आला हे मी सिद्ध करू शकत नाही. खिमा तपासला नाही, कुत्र्याची विष्ठा तपासली नाही. पण त्या घरात दुसरं कच्चं मांस नव्हतं.

हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुत्र्याला कच्चं मांस आणि हाडं द्यावीत, ही कल्पना इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं १९९३ मध्ये पुस्तक लिहून लोकप्रिय केली. पण नुसत्या मांसावर कुत्र्याचं भागत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नगण्य. वाढत्या पिल्लाला नुसतं मांस दिलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हाडं मऊ पडतात, साध्या उडीनं मोडतात. म्हणून कोरडी मिश्रणं आली. त्यांत साधारणपणे ओट्ससारखी धान्यं, वाळवलेल्या भाज्या, जवस, कॅल्शियम, जीवनसत्त्वं असतात. पाण्यात भिजवायचं आणि मांसात कालवायचं.

कल्पना वाईट नाही. उलट मला त्यातला धान्याचा भाग आवडतो. "कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य कशाला?" असं म्हणणाऱ्यांना उत्तर २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दिलं. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. माणसाच्या उकिरड्यावर आणि अंगणात हजारो वर्षं काढून तो आपल्यासारखा झाला आहे. (म्हणून नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा वाढवावा असं मात्र नाही. त्यात प्रथिनं अपुरी पडतात.)

पण हे मिश्रण मांसातली पोषणाची उणीव भरून काढतं, जंतूंना हातही लावत नाही. पाकिटावर 'संपूर्ण आणि संतुलित आहार' लिहिलेलं वाचून माणसाला वाटतं, सगळी काळजी मिटली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भिजवलेलं धान्य आणि कच्चा खिमा एका पातेल्यात ओट्यावर राहिले, तर जंतूंना याहून छान काय हवं? त्या उबेत ते वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात.

"पण आम्ही मांस फ्रीझरमध्ये ठेवतो." फ्रीझरमध्ये काही कृमी मरतात, जंतू मात्र बहुतेक नुसते झोपतात. बाहेर काढलं की जागे.

"पण कुत्र्याच्या जठरातलं आम्ल कडक असतं, त्याला काही होत नाही." अहो, तीच तर अडचण आहे! कुत्रा ठणठणीत दिसतो आणि विष्ठेतून दिवसेंदिवस साल्मोनेला बाहेर टाकत राहतो. ताटली चाटून झाली की तेच तोंड नातवाच्या गालाला. आणि आजोबांचं काय? जठरातलं आम्ल ही आपली पहिली राखण. ती त्यांनी गोळी घेऊन आधीच कमी केलेली.

"केस किती चमकतात बघा!" चमकत असतील. ते मांसातल्या चरबीमुळे, कच्चेपणामुळे नव्हे.

साल्मोनेला हा एकटाच नाही. इंग्लंडमध्ये २०१७ साली ई. कोलाय ओ१५७ या जंतूच्या चार रुग्णांचा माग काढताना कुत्र्यांचं कच्चं खाणं समोर आलं. त्यातला एक रुग्ण दगावला. शिवाय कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेत, आमची अँटिबायोटिक्स ज्यांना जुमानत नाहीत असे जंतू जास्त सापडतात. मला वैयक्तिक पातळीवर याचीच धास्ती जास्त वाटते.

आणि एक गोष्ट खास आपल्याकडची. खाटकाकडे कुत्र्यासाठी म्हणून शेळी-मेंढीचं काळीज, फुफ्फुस, वजडी स्वस्तात मिळते. त्या काळजा-फुफ्फुसात हायडॅटिडच्या गाठी असू शकतात. कुत्र्यानं त्या कच्च्या खाल्ल्या, की त्याच्या आतड्यात बारीक टेपवर्म वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडून त्याच्या अंगावरच्या केसांनाही चिकटतात. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्यानं भरलेली गाठ तयार होते. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि एखाद्या दिवशी सोनोग्राफीत सापडते. मी असे रुग्ण पाहिले आहेत. ऑपरेशन सोपं नसतं.

तेव्हा माझं मत साधं आहे: मांस शिजवा. मिश्रण तेच ठेवा, कुत्रा तोच, फक्त मध्ये कुकर आणा. बिनहाडाचं मांस पूर्ण शिजवायचं, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कोमट झालं की मग भिजवलेलं मिश्रण घालायचं. शिजवताना थोडी जीवनसत्त्वं जातात हे खरं, पण ती मिश्रणातून भरून निघू शकतात. शिजवलेली हाडं मात्र देऊ नका, त्यांच्या चिरफळ्या होऊन आतडं फाटू शकतं. काही मिश्रणं 'सोबत कच्ची हाडं देणार' असं धरून बनवलेली असतात आणि त्यांत कॅल्शियम कमी असतं. पाकीट घेऊन पशुवैद्याकडे जा आणि हे विचारा. स्वतःच्या मनानं कॅल्शियमच्या गोळ्या चारू नका, मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्त कॅल्शियमही बाधतं.

एवढं सांगूनही कच्चंच देणार असाल, तर निदान घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर स्त्री, वयस्कर माणूस, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेलं कोणी असेल तर देऊ नका. इथे मी तडजोड करणार नाही. बाकीच्यांनी त्याची भांडी-सुरी वेगळी ठेवा, मांस नळाखाली धुऊ नका (शिंतोडे सगळ्या ओट्यावर जातात), उरलेलं लगेच टाकून द्या, हात साबणानं धुवा आणि जंताचं औषध वेळेवर द्या.

आणि ताप-जुलाब घेऊन डॉक्टरकडे गेलात, तर घरात कुत्रा आहे आणि तो काय खातो हे आपणहून सांगा. आम्ही बहुतेक वेळा विचारत नाही. मीही पूर्वी विचारत नसे.