चिलटांशी कसला विरोध?



आषाढ लागला की आपण पालेभाजी बंद करतो, पाणी दुहेरी कापडातून गाळतो. आणि त्याच स्वयंपाकघरात केळ्यांवर चिलटं दिसली की फवारा हातात घेतो. नाहीतर मोबाईलवर आलेला उपाय: वाटीत व्हिनेगर, वर साबणाचे दोन थेंब. सकाळी वाटीभर चिलटं बुडालेली! चिलट चतुरिंद्रिय जीव आहे, हे पाठशाळेत आपणच मुलांना शिकवतो ना?

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘ही विरोधी हिंसा, गृहस्थाला सुटत नाही.’ मला हे मुळीच पटत नाही. अंगावर चालून आलेल्यापासून बचाव करताना होते ती विरोधी हिंसा. चिलट चावत नाही, रक्त पीत नाही. सापळा मांडून मारणं ही सरळ संकल्पी हिंसा, आणि त्रस जीवांची संकल्पी हिंसा अणुव्रतातही सोडायचीच असते.

बरं, फवारून ती जातात का? चार दिवसांनी पुन्हा हजर. कारण कोणतं चिलट आहे हे कुणी बघतच नाही. तांबूस अंग, लाल डोळे, फळांभोवती घिरट्या घालतं ते आंबू लागलेल्या फळात अंडी घालतं. उबदार हवेत दहाएक दिवसांत नवी पिढी उडू लागते. न्हाणीघराच्या भिंतीवरची करडी, केसाळ, पतंगासारखी माशी हाकललं तरी जेमतेम हातभर उडते. ती मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात वाढते. तुळशीच्या कुंडीभोवतीची काळी, लांब पायांची, डासासारखी दिसणारी वेगळीच. तिच्या अळ्या ओल्या मातीत असतात. पाऊस चालू असतानाही आपण सवयीने कुंडीत तांब्या ओततो, मग दुसरं काय होणार?

यत्नाचार हवा तो इथे, आणि ज्येष्ठापासूनच. पिकलेली फळं झाकून ठेवा, एखादं डागी फळ तळाशी राहू देऊ नका. केराचा डबा रोज रिकामा करा. मोरीची जाळी काढून दोन-तीन दिवसांनी घासा. थर साचू दिला आणि मग उकळतं पाणी ओतलं, तर अळ्या शिजवल्यासारखंच झालं. घासतानाही एखादा जीव जाईल. ती आरंभी हिंसा, तिचं प्रतिक्रमण करूच. कुंडीची वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी घालू नका.

तरीही फळांवर चिलटं आलीच, तर बरणीत केळ्याची साल ठेवून तोंडाला कागदाचं नरसाळं लावा. आत शिरली की बाहेर पडणं त्यांना जमत नाही. संध्याकाळी परसात नेऊन उघडा. साल तिथेच झाडाखाली टाका, तिच्यात अंडी असतात.