आठनंतरचा कॅमेरा

थंडी पडली की माथेरानच्या पॅनोरमा पॉइंटवर अंधारातच ट्रायपॉड उभे राहतात. खाली नेरळ, उल्हासचं खोरं आणि त्यावर पसरलेलं धुकं. दर पाच सेकंदांना एक फोटो धरला तर सहा ते नऊ या वेळात २१६० फोटो होतात; सेकंदाला २४ या वेगाने ते पळवले की दीड मिनिटांचा टाइमलॅप्स तयार. धुकं डोंगराच्या सोंडांवर चढतं, मागे सरतं, वर बासरी वाजते. पण मोबाइलवर फिरणारे हे टाइमलॅप्स दीड मिनिट क्वचितच चालतात. धुकं फाटून नेरळची छपरं दिसू लागली की संपतात.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते. उतारांवरची गार, जड हवा खोऱ्यात साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. ओल तिथे धुकं होते. त्याच झाकणाखाली वीटभट्ट्यांचा धूर, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर, रस्त्याची धूळही कोंडते. धूर थोडा वर चढतो आणि एका पातळीवर आडवा पसरतो. कठड्याशी उभं राहून हे उमगत नाही, इतकं ते सावकाश चालतं. टाइमलॅप्समध्ये लख्ख दिसतं. ऊन तापून धुकं विरलं की उरते ती करडी पट्टी कुठून आली, हे टिपायची वेळ आठनंतरची. नेमका तेव्हाच कॅमेरा पिशवीत जातो. चुकून पट्टी आलीच, तर रंग सुधारताना ती पुसतात. (भट्टीवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या छातीतून ती पुसण्याची सोय अजून निघालेली नाही.)

आपल्याकडे या तंत्राची सुरुवात अशी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडंथोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली. भांडवल घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. एखादं पान वाकडं फुटलं म्हणून त्यांनी ते गाळलं असेल, असं वाटत नाही.

माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. पायथ्याला मात्र भातखाचरांत इमारती उठताहेत. तेव्हा हौशी मंडळींनी एवढं करावं: कठड्यावर एक खूण ठरवावी आणि दर पौषात तिथूनच, त्याच लेन्सने, आठ ते दहाचं चित्रण करावं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नये, नाहीतर धूर कमी झाला की कॅमेऱ्याने उजेड वाढवला, हा वाद सुरू होईल. मूळ फोटो हात न लावता नेरळ ग्रामपंचायतीकडे आणि माथेरान नगरपरिषदेकडे द्यावेत. नव्या संकुलाचा किंवा भट्टीचा अर्ज समोर येईल, तेव्हा सदस्यांनी ते पडद्यावर लावून पाहावेत. पहाटेची बासरीवाली फिल्म हवी तर खुशाल वेगळी करावी.