अरणगावची दुसरी साइड

भाच्याने दारात खोकं ठेवलं तेव्हा मला वाटलं, मिक्सर आणला असेल. निघाला मेटॅलिका या थ्रॅश मेटल बँडच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चा संच. अल्बम 1986 चा, संच 2017 चा. आत रेकॉर्डी, सीड्या, डीव्हीड्या, जाडजूड पुस्तक. किंमत त्याने आईला अजून सांगितलेली नाही. मी मात्र अडकलो त्यातल्या एका कॅसेटपाशी. नगरला चितळे रोडच्या मागच्या बोळात मी सतरा वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. कॅसेट संपली म्हणून दुकान संपलं, आणि आता तीच कॅसेट दागिन्यासारखी डबीत बसून परत आली होती!

थ्रॅश मेटल मला वर्ज्य नाही. भाचा लावतो, मी ऐकतो. ड्रमवाल्याच्या पायांची कमाल वाटते. पण जुनं नव्याने काढताना आवाज फुगवायची जी खोड लागलीय, ती मला सोसत नाही. मेटॅलिकाचाच 2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' नवा असूनही इतका ठासून भरला होता, की गाणी फाटून ऐकू यायची. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये मोकळी वाजली आणि चाहत्यांनी अर्ज केले, आम्हाला तशी द्या. कारागिराला हे आधी कळतं. हळू आवाज हळूच ठेवला, तरच मोठा आवाज मोठा वाटतो.

मी भाच्याला म्हटलं, अरे, असं एक खोकं आपल्या नगरचंही आहे. त्याला खरं वाटेना.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जानेवारीची अखेर. अमरतिथीला, म्हणजे मेहेरबाबांच्या पुण्यतिथीला, आलेला एक गोरा माणूस दुकानात आला, हातात कॅसेट आणि बाहेर लोंबणारी हातभर टेप. कवच स्क्रूचं असतं तर सोपं होतं, हे चिकटवलेलं. ब्लेडने उघडलं, चुरगळलेली दीड इंच टेप कापली, जोड दिला. गावातल्या गिऱ्हाइकांना मी नेलपॉलिशनेही जोडून द्यायचो, पण पाहुण्यासाठी ठेवणीतली जोडपट्टी काढली. दीड इंच म्हणजे पाऊण सेकंद गाणं गेलं. त्याला तेवढंही लागलं. लावून बघितली तर इंग्रजी गाण्यात चक्क 'परवरदिगार'. तो हसून म्हणाला, ही गाणी इथलीच आहेत, तुमच्या टेकडीची.

गाणारा होता 'द हू' या ब्रिटिश बँडचा पीट टाउनशेंड. आणि टेकडी अरणगावची, दौंड रस्त्यावरची मेहेराबादची. मेहेरबाबांनी तिथे 10 जुलै 1925 ला मौन धरलं, ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. बोलायचं ते आधी अक्षरफळ्यावर, 1954 नंतर नुसत्या खुणांनी. अशा माणसाला शिष्य कोण मिळावा? 1976 साली सर्वांत मोठ्या आवाजाच्या मैफलीची गिनेस नोंद ज्यांच्या नावावर लागली, त्या बँडचा गिटारवाला. मी बाबांचा अनुयायी नाही, पण याची मला अजून गंमत वाटते.

टाउनशेंडने बाबांसाठी मित्रांसोबत तीन अल्बम काढले: 'हॅपी बर्थडे' 1970, 'आय ॲम' 1972, 'विथ लव्ह' 1976. प्रती थोड्या, भक्तांपुरत्या. चोरून छापलेल्या प्रती अमेरिकेत फिरायला लागल्या, तेव्हा त्यांतली काही गाणी घेऊन 1972 लाच 'हू केम फर्स्ट' रीतसर बाजारात आला. त्यात बाबांच्या प्रार्थनेवरचं 'परवरदिगार' आहे, आणि बाबांना आवडणारं जिम रीव्हजचं एक गाणंही. त्याच वर्षी टाउनशेंड नगरला येऊन गेला. जगभर वाजणारं 'बाबा ओ'रायली', त्यातले बाबा हेच. ओ'रायली आला टेरी रायली या संगीतकारावरून. गाणं 1971 चं. त्याच्या सुरुवातीला गोल गोल फिरणारा जो बाजा आहे, तो नुसता नऊ-दहा मिनिटं वाजवलेला 'आय ॲम'वर आहे.

'हू केम फर्स्ट' 2018 मध्ये दोन सीड्यांत पुन्हा निघाला. भाच्याने पाठवला, मी तीन रात्री ऐकला. घरात एकट्याने केलेली ध्वनिमुद्रणं आहेत, गाण्यांची कच्ची रूपं आहेत, भारतात गायलेलं 'ड्राउन्ड'ही आहे. खोलीतली पोकळी ऐकू येते, ती पुसलेली नाही. माझ्या हिशेबाने जुनं नव्याने काढावं ते असं. जोड दिसला तरी चालेल, पण माणूस दिसला पाहिजे.

तरीही मला तो अर्धाच वाटला, आणि ती काही लंडनवाल्यांची चूक नाही. त्यांनी त्यांची साइड जपली. आपली साइड कुठे आहे? अमरतिथीच्या मांडवात मी भजनं ऐकली, कव्वाल्या ऐकल्या, खेड्यांतून आलेल्या मंडळ्या ऐकल्या. दुपारी बाराच्या सुमारास पंधरा मिनिटं सगळी टेकडी गप्प होते, तेव्हा खालून दौंड-मनमाड मार्गावरची गाडी जाते, तीही ऐकली. लोक टू-इन-वन मांडीवर घेऊन भरून घ्यायचे. त्या कॅसेटी माझ्याकडेच यायच्या, बुरशी लागलेल्या, नाहीतर वर सिनेमातली गाणी भरलेल्या. एका घरात आजोबांच्या भजनावर नातवाने 'आशिकी' भरलं होतं. 1990 साली कोणाला दोष द्यायचा?

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. नावावर भांडायला माणसं मिळतात, आवाज जपायला एक खोली मिळू नये? जिल्हा वाचनालयात एक टेबल, दोन हेडफोन, एक चालू डेक, एक संगणक, एवढ्यावर सुरुवात होईल. एका साइडला टाउनशेंड लावा, दुसऱ्या साइडला पाथर्डी-पारनेरच्या मंडळ्या. शाळेतल्या पोरांना दोन्ही ऐकवा, मेटलवाल्यांना आधी. डेक मी देतो. हेड बदललेलं आहे, बेल्ट नवा आहे.

तोवर एवढं करा. माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील तर लगेच टेपमध्ये घालून बघू नका. सुरुवातीला पेन्सिल घालून रीळ हाताने पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून घ्या. टेप कुठे तुटली, तर दोन्ही टोकं जपून ठेवा आणि चिकटवायला घरातली सेलोटेप वापरू नका.