घडीचा भरवसा

आमच्या घरी चाकूवरून भांडण झालं, थोडं रक्त सांडलं आणि तीन टाके पडले. एवढं वाचून कृपा करून पोलीस चौकी गाठू नका. भांडण चाकूने झालं नाही, चाकूवरून झालं. मराठी भाषेत माणूस एका प्रत्ययाने आत जातो आणि एका प्रत्ययाने बाहेर येतो, म्हणून खुलासा आधीच केलेला बरा.

त्याचं असं झालं. आमची कन्या यंदा कॉलेजात गेली आणि तिथल्या गिर्यारोहण मंडळाबरोबर हरिश्चंद्रगडावर जायला निघाली. दोन रात्री गडावर मुक्काम, स्वयंपाक आपला आपण. बरोबर काय आणायचं त्याची एक यादी आली. विजेरी १, पाण्याच्या बाटल्या २, ताट १, शिट्टी १, आणि अकराव्या नंबरावर 'चाकू, १ नग'. कसला चाकू, केवढा चाकू, याबद्दल यादी गप्प. आयुष्यातले सगळे मोठे घोटाळे अशा अकराव्या कलमातच दडलेले असतात, हे बँकेत वीस वर्षं काढलेला कुठलाही कारकून तुम्हाला शपथेवर सांगेल.

"घरातली एखादी सुरी द्या की तिला," असं म्हणून सौभाग्यवतींनी विषय संपवला होता. पण तेवढ्यात हिचा धाकटा भाऊ आला. माझं आणि माझ्या या मेव्हण्याचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. त्यात भोपळा कोण, हे माझ्या देहयष्टीकडे पाहून कुणीही सांगेल. त्याने यादी वाचली, खिशात हात घातला आणि जेवणाच्या टेबलावर एक वस्तू ठेवली. ठेवली म्हणजे काय, टेबल हललं.

"हेवी ड्यूटी फोल्डिंग, भाऊजी!"

काळीकुट्ट मूठ, तिला खाचाखोचा, चार स्क्रू, खिशाला अडकवायची क्लिप. त्याने अंगठ्याने पातं उडवलं. 'खट्ट!' हा आवाज आमच्या पिढीच्या चांगला परिचयाचा आहे. हिंदी सिनेमातला खलनायक हाच आवाज काढून अर्धं काम उरकत असे. त्या चाकूचं नाव रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूर गावाला त्याचा इतका अभिमान, की २०२३ साली तिथे भर चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभा केला गेला. कुठल्या गावाने साध्या सुरीचा पुतळा उभारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सुरीला पुतळ्यासारखं उभं राहायला वेळ नसतो. तिला कांदे चिरायचे असतात.

मेव्हण्याने मग इतिहास सांगितला. अमेरिकेतल्या बक कंपनीने १९६४ साली जाड पात्याचा, पाठीवर भक्कम कुलूप असलेला घडीचा चाकू बाजारात आणला. कमरेला लांबलचक सुरी लटकवायचा कंटाळा आलेल्या शिकाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. "ताकद सुरीची आणि सोय चाकूची. दोन्हींचा संगम!" तो म्हणाला. बँकेत जेव्हा एखादी योजना 'दोन्हींचा संगम' म्हणून येते, तेव्हा आम्ही कारकून मंडळी तिच्यातली बारीक अक्षरं आधी वाचतो. इथेही वाचली.

माझा उमेदवार अगदीच गरीब होता. साडेतीन इंचांचं पातं, लाकडी मूठ, चामड्याचं म्यान. पात्याचं पोलाद मुठीच्या आतून थेट शेवटापर्यंत गेलेलं. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही, घडी नाही. ही सुरी आमच्या जुन्या हेड कॅशियर काकांची. २००१ साली रिझर्व्ह बँकेने नोटांच्या पाकिटांना पिना मारू नका, कागदी पट्ट्या लावा, असं बजावलं. त्याआधी काकांनी या सुरीने किती पिना उपटल्या असतील त्याची गणती नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा पिना गेल्या होत्या, पण सुतळी होती, लाखेची मोहोर होती आणि चारच्या चहाबरोबर पेरू होता. काका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी सुरी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "फुकट देत नाही. रुपया काढ." मी रुपया दिला. व्यवहार पुरा झाला. आजवर केलेल्या गुंतवणुकींत बुडाली नाही अशी ती एकच.

"ही? ही तर पेरू कापायची!" मेव्हणा म्हणाला.

आता मी तुम्हालाच विचारतो. गडावर काय कापायचं असतं? कांदा, बटाटा, टोमॅटो, लिंबू, मसाल्याची पुडी आणि नायलॉनची दोरी. हरिश्चंद्रगडावर वाघाशी झुंज हा कार्यक्रम यादीत नव्हता. "पण संकट आलं तर?" हे मेव्हण्याचं ब्रह्मास्त्र. माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात जी संकटं आली, त्यांतलं एकही चाकूने कापण्याजोगं नव्हतं. कापण्याजोगी जी आली, ती सगळी फरसाणाच्या पिशव्यांच्या रूपाने आली. आणि तिथे दात पुरले.

दुसरी गोष्ट जाडीची. हेवी ड्यूटी म्हणजे पातं जाड. पण जाड पातं कापत नाही, फोडतं. त्या चाकूने गाजर कापून पाहा. अर्ध्यापर्यंत पातं जातं आणि मग 'टक्' करून गाजर दुभंगतं, अर्धं ताटलीत, अर्धं शेजाऱ्याच्या मांडीवर. कांद्याचं तर सरपण होतं. पातळ पात्याची सुरी मात्र टोमॅटोच्या सालीवरून अशी उतरते की टोमॅटोलाही बातमी उशिरा कळते.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. घडीच्या चाकूच्या मुठीत एक खाच असते. तीत आपण कापलेली प्रत्येक वस्तू थोडी थोडी मुक्कामाला राहते. गेल्या मे महिन्यात मेव्हण्याने याच चाकूने आमच्याकडे हापूस कापला होता. आठवड्याने त्याच्या खिशातून मुंग्यांची रांग निघाली. मग त्याने खाच धुतली, वाळवली, गंजू नये म्हणून तेल घातलं. पुढचे तीन दिवस त्याच्या घरी काकडीला शिवणयंत्राचा वास येत होता. सुरी नळाखाली धरली, फडक्याने पुसली, कोरडी झाली की म्यानात घातली. इति शुद्धिविधी.

आणि चौथी गोष्ट, जी मुख्य आहे, ती घडीची. जगात जिथे जिथे घडी असते, तिथेच वस्तू मोडते. आजोबांची लांब छत्री चाळीस पावसाळे टिकली. घडीची छत्री जूनमध्ये घ्यावी आणि जुलैत तिच्या काड्या मोजाव्यात. घडीची खुर्ची पाहुण्यालाच पाडते. आमच्या बँकेत बघा, चालू खात्याची उघडझाप सारखी, पण व्याज फिक्स्डला! या कोटीवर मेव्हणा हसला नाही. तो चालू खातेदार आहे.

इथे सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून बाँब टाकला. "अहो, माझी विळी घडीचीच आहे. वीस वर्षं तिच्यावरच चिरलेलं खाताय."

मी क्षणभर गडबडलो, हे कबूल केलं पाहिजे. पण नीट पाहा. विळीची घडी झोपण्यासाठी असते, कामासाठी नाही. काम करताना विळीचा पाट आपल्या पायाखाली दाबलेला असतो, दोन्ही हात पात्याच्या अलीकडे-पलीकडे मोकळे असतात आणि विळीच्या घडीत कुणाचं बोट नसतं. घडीच्या चाकूची घडी जिथे मिटते, नेमकी तिथेच धरणाऱ्याची चार बोटं असतात. विळी मिटली तर पाटावर मिटते. चाकू मिटला तर आपल्यावर मिटतो.

मेव्हण्याची बाजूही मांडतो, नाहीतर तो पुढच्या दिवाळीला येणार नाही. तो म्हणाला, म्यानातली सुरी एस.टी.त बाहेर काढली तर शेजारचा प्रवासी जागा बदलतो. खरं आहे. तो म्हणाला, कायद्याचं काय? मी शस्त्र नियम, २०१६ काढून दाखवले. परवाना लागतो तो ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची अवजारं वगळली आहेत. स्थानिक मनाई हुकूम निघाला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सुरी सॅकच्या तळाशी, भांड्यांबरोबर. तिथेच तिचं काम आहे, खिशात नाही. तो म्हणाला, खिशात ठेवायला घडीच बरी. हेही मान्य! फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९० पासून ओपिनेल नावाचा घडीचा चाकू होतो. हलकी लाकडी मूठ, पातळ पातं, आणि १९५५ पासून पातं अडवायला एक फिरती कडी. त्याच्याशी माझं भांडण नाही. तो फळं कापणारा सज्जन आहे आणि आपली पायरी ओळखून आहे.

माझं भांडण आहे ते हेवी ड्यूटीशी. घडी कशासाठी? तर वस्तू हलकी, छोटी, खिशात मावणारी व्हावी म्हणून. हा चाकू आमच्या वाण्याच्या काट्यावर २२५ ग्रॅम भरला. माझी सुरी म्यानासकट ९०. खिशात तो चाकू घातला की मेव्हण्याची पँट एका बाजूने खाली येते आणि तो दिवसभर एका हाताने अब्रू सावरत हिंडतो. म्हणजे घडीचा जो एकमेव फायदा, तो वजनाने खाल्ला आणि घडीचा जो तोटा, तो मात्र जसाच्या तसा शिल्लक. याला आमच्या खात्यात संगम म्हणत नाहीत. बुडीत कर्ज म्हणतात.

"भाऊजी, कुलूप आहे त्याला. शंभर किलो भार घेतं," मेव्हणा पेटला आणि देवघरातला नारळ घेऊन आला. नारळाच्या डोळ्यात टोक खुपसून दाखवायचं ठरलं. त्याने एकदा खुपसलं आणि काढलं. कन्येने टाळ्या वाजवल्या. "मामा, आता मला दे!" ती हात पुढे करून म्हणाली.

तिच्या हातात देण्याआधी सहज म्हणून मी तो चाकू घेतला. बापाचा स्वभाव, दुसरं काय! नारळाच्या डोळ्यात टोक घातलं, ते अडकलं. सोडवायला मी मूठ जराशी हलवली. पात्याच्या पाठीवर दाब पडला आणि कुलूप सटकलं.

या चाकूचं कुलूप म्हणजे काय, ते तेव्हा मला कळलं. मुठीच्या आत एक पातळ पोलादी पट्टी असते. पातं उघडलं की ती बाजूला सरकून पात्याच्या बुडाशी उभी राहते. आपली चार बोटं आणि पातं यांच्यामध्ये एवढीच एक पहारेकरीण. त्या दिवशी ती पुरती उभी राहिली नव्हती. तीन टाके माझ्या उजव्या तर्जनीला पडले. कॅशियरची उजवी तर्जनी म्हणजे गवयाचा गळा. आठ दिवस मी कॅशला बसलो नाही. नोटा मोजायचं यंत्र आहे, पण यंत्रात नोटा सारायलाही बोटच लागतं. "काय झालं?" असं खातेदार विचारत आणि "चाकू" एवढं ऐकल्यावर निमूटपणे रांगेत उभे राहत. आमच्या शाखेत एवढी शिस्त पूर्वी कधी दिसली नव्हती.

डॉक्टरांकडून परतताना मेव्हणा हिरमुसून म्हणाला, "भाऊजी, चाकू चांगलाच आहे हो. खिशातल्या रुमालाचा दोरा त्या पट्टीखाली अडकला होता."

हेच तर माझं म्हणणं आहे! ज्या वस्तूचा भरवसा रुमालाच्या दोऱ्यावर अवलंबून, ती गडावर न्यायची? तिथे दोरा नसेल, पण माती असेल, वाळकं गवत असेल, अंधार असेल, आणि टाके घालणारा डॉक्टर कित्येक तास लांब असेल. सुरीनेही हात कापतो, मला ठाऊक आहे. पण ती ज्या बाजूला धार आहे त्याच बाजूने कापते. पाठीमागून दगा देत नाही. पाच सेकंद उशीर झाला असता तर ते बोट माझं नसतं, एवढा एकच विचार मी त्या रात्री करत होतो. बोटाचा ठणका त्यापुढे काहीच नव्हता.

कन्या गडावर सुरी घेऊन गेली. दोन रात्रींनी परतली, ती घसा बसलेला, नाक सोललेलं आणि चेहरा कमालीचा आनंदी. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी किती गार, कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिलं तेव्हा पोटात कसा गोळा आला, हे सगळं सांगून झाल्यावर मी हळूच विचारलं, "आणि सुरी?"

"अरे बाबा, हो! बावीस जणांचे कांदे तिच्यावरच झाले. चौघांकडे मामासारखे चाकू होते. ते सगळे फोटोत आहेत."

परवा मेव्हणा पुन्हा आला होता. त्याच्या चाकूचा एक स्क्रू ढिला झालाय. "भाऊजी, बारीक टोकाचं काही आहे का? ती तुमची सुरी द्या ना जरा."

मी त्याला पेचकस दिला. सुरी दिली नाही.