भत्त्याची वही

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन मोहिमा निघतात. एक माळ्यावर आणि दुसरी मोटारीत. माळ्याची सूत्रे सौभाग्यवतींकडे असतात. मोटारीची माझ्याकडे, कारण तिच्यात सापडणाऱ्या कचऱ्याचा धनी मीच, असे घरातल्या सर्वांचे एकमत आहे. यंदा पुढच्या कप्प्यातून शेंगांची टरफले, चष्म्याचे रिकामे घर आणि त्याखाली एक मळकी लाल वही निघाली.

"ही रद्दीत टाकू?" सौ.नी विचारले.

मी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. वाचकहो, त्या वहीत काव्य नाही की लघुनिबंध नाही. तारीख, कोठून कोठे, कोणत्या कामासाठी, निघताना काट्यावर किती किलोमीटर, परतल्यावर किती, पेट्रोल किती रुपयांचे, एवढेच. ही वही मी का धरली, त्याचीच आज हकीकत सांगतो.

'भत्ता' हा शब्द मोठा गोड. काही जाणकार त्याचे नाते शिजवलेल्या भाताशी, म्हणजे संस्कृत 'भक्त'शी जोडतात. घराबाहेर कामाला धाडलेल्या माणसाच्या पोटाची सोय, तो भत्ता. आमच्या नाशिककडे मात्र भत्ता म्हटले की आधी भेळभत्ताच आठवतो. मूठभर घेतला तर चविष्ट आणि ओंजळभर घेतला तर बाधणारा. दुसऱ्या भत्त्याचेही तसेच आहे, हे मला २०२४ च्या फेब्रुवारीत कळले.

त्या वर्षी 'नॅक'ची तयारी चालली होती. कळवणच्या बाजूला असलेल्या एका महाविद्यालयाची कागदपत्रे तपासण्याचे काम संस्थेने माझ्याकडे आणि एका तरुण सहकाऱ्याकडे दिले. हा तरुण तासिका तत्त्वावर शिकवणारा. जितके तास, तितके पैसे. दिंडोरी, वणी, नांदुरी असे करीत माझ्याच मोटारीतून आम्ही पाच खेपा केल्या. जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर, म्हणजे एकूण आठशे. संस्थेचा दर किलोमीटरला दहा रुपये. बिल झाले आठ हजारांचे.

हिशेबनीस भाऊसाहेब कागद घेऊन आले ते दोन. एक माझ्या नावाचा, दुसरा त्या तरुणाच्या. दोन्हींवर 'स्वतःची मोटार, ८०० किलोमीटर'.

"अहो, मोटार एकच होती," मी म्हणालो.

"सर, अशी रीतच आहे. त्यांच्या बिलावर ज्येष्ठ म्हणून तुमची सही लागते, बाकी काही नाही." असे म्हणून त्यांनी दोन्ही कागदांवर रसीद तिकिटे चिकटवलीसुद्धा. पाच हजारांवरच्या पावतीला रुपयाचे तिकीट लागते. ही तिकिटे आमच्याच नाशिकरोडच्या, १९२५ साली उभारलेल्या सरकारी प्रतिभूती मुद्रणालयात छापली जातात. गावचा माल म्हणून एरवी मला त्यांचा अभिमान वाटतो. त्या दिवशी ते तिकीट माझ्याकडे डोळे वटारून पाहते आहे, असे वाटले. तरुण सहकारी फरशीकडे पाहत उभा होता.

"उद्या देतो," म्हणून मी दोन्ही कागद घरी आणले.

आमची थोरली चार्टर्ड अकाउंटन्सीचा अभ्यास करते. तिने बापाची शिकवणी घेतली. ती म्हणाली, "बाबा, कामासाठी केलेल्या प्रवासाचा भत्ता करमुक्त असतो, पण प्रत्यक्षात खर्च झाला तेवढाच. आठ हजार घेतलेत आणि साडेसहा खर्च झाले, तर उरलेले दीड हजार तुमचं उत्पन्न. त्यावर कर. आणि खर्च झाला हे सांगणार कोण? तुमची वही. वही आहे का?"

वही नव्हती. पेट्रोलच्या दोन पावत्या तेवढ्या सापडल्या.

कंपन्यांत नोकरी करणाऱ्या वाचकांनी पुढचे जरा ध्यानात घ्यावे. गाडी आपली, ती घरकामाला आणि कचेरीच्या कामाला दोन्हीकडे चालते, आणि खर्च कंपनी भरून देते, अशा वेळी १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियमांत ठोक वजावट होती. २००९ पासूनच्या दराने लहान इंजिनाला, म्हणजे १६०० घनसेंटीमीटरपर्यंत, महिना १८०० रुपये, मोठ्याला २४००, आणि चालक असल्यास आणखी ९००. बाकीची रक्कम पगारात धरायची. याहून जास्त खर्च कामाचाच होता असे म्हणायचे, तर प्रत्येक प्रवासाची नोंद हवी आणि मालकाचा दाखला हवा. संसदेने २०२५ साली नवा आयकर कायदा केला आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरवला. तेव्हा आकडा ज्या त्या वर्षाचा विचारून घ्यावा. वही मात्र जुन्या पंचांगासारखी फेकू नये. अमेरिकेत सरकारच मैलाचा दर जाहीर करते. २०२५ साठी तो ७० सेंट होता. पण मैल किती झाले, हे तिथेही ज्याचे त्यालाच लिहून ठेवावे लागते.

"आणि घर ते कॉलेज?" मी विचारले.

"ते खासगी. नोकरदाराला त्याची वेगळी वजावट नाही. पूर्वी वाहतूक भत्त्याला महिना १६०० ची सूट होती. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ती काढून सरसकट प्रमाणित वजावट दिली."

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला बाजूला घेतले आणि त्याच्या बिलावर सही करणार नाही, असे सांगितले. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

"सर, तुमचं बरोबरच आहे," तो म्हणाला. "पण मी नाशिकहून कॉलेजात रोज पंचावन्न किलोमीटर स्कूटर मारतो. ते पेट्रोल कोणी धरत नाही. हे पहिल्यांदाच कोणी धरत होतं."

मला उत्तर सुचले नाही. कराची सवलत त्याच्या काय कामाची? ज्याला कर भरण्याइतके मिळते, त्यालाच सवलत मिळते. त्याचे उत्पन्न तिथवर पोचतच नव्हते. नियम माझ्या बाजूचा होता, आणि आठ हजारही माझ्याच बाजूचे होते.

मग मी संस्थेची नियमपुस्तिका काढून बसलो. पाच दिवसांचा दैनिक भत्ता त्याचा हक्काचा होता. तो मागायचे कोणालाच सुचले नव्हते. तो मागितला. रक्कम अगदीच किरकोळ, पण खरी. शिवाय एक अर्ज लिहिला : तासिका तत्त्वावरील अध्यापकांना बाहेरगावी धाडल्यास स्कूटरचा दर द्यावा. रोजच्या येण्याजाण्याचाही विचार व्हावा. वर्षभराने पहिली मागणी मंजूर झाली. दुसरीवर 'नियमात बसत नाही' असा शेरा आला.

लाल वही मी त्याच आठवड्यात घेतली. दोन घेतल्या, एक त्याला दिली.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तीच तपासणी निघाली. सकाळी ठरल्या जागी मी मोटार थांबवली, तर गडी शिरस्त्राण घालून स्कूटरवर तयार. उन्हे तापू लागली होती. दिवसभरात एकशे साठ किलोमीटर जायचे-यायचे होते.

"अहो, या की आत," मी दार उघडून म्हणालो.

तो हसला आणि खिशातून लाल वही काढून काट्यावरचा आकडा टिपू लागला.

"नको सर," तो म्हणाला, "आत बसलो तर भत्ता बुडेल."

कळवणपर्यंत आरशात मला ती स्कूटर दिसत होती.