योगायोगाची कथा आणि बीडचे ‘नशीब’

१/ सिसप्लॅटिन या कर्करोगावरील औषधाचा इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येते: ‘हा शोध निव्वळ योगायोगाने लागला.’ ऐकायला ते गोड आहे. इतिहास म्हणून आळशी आहे. बीडसारख्या जिल्ह्यात तर अशी विचारपद्धती घातक ठरते.

२/ अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विद्युतक्षेत्राचा जिवाणूंवरील परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले, वाढ मात्र चालूच राहिली. ते दोऱ्यासारखे लांबले. योगायोग एवढाच. ‘विजेचा प्रभाव’ असे लिहून मोकळे होता आले असते. रोझेनबर्ग, लोरेटा व्हॅन कॅम्प आणि थॉमस क्रिगास यांनी एकेक शक्यता पडताळली. निष्क्रिय मानला गेलेला प्लॅटिनम विद्युताग्रांवरून द्रावणात उतरून संयुगे बनवत होता. १९६५ मध्ये हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

३/ ज्या संयुगापाशी हा शोध पोहोचला, ते नवे नव्हते. इटलीच्या मिकेले पेरोने यांनी ते १८४० च्या दशकातच बनवले होते. १८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी अशा संयुगांची रचना उलगडली. मध्ये प्लॅटिनम, चार कोपऱ्यांवर दोन क्लोरीन व दोन अमोनिया. दोन्ही क्लोरीन शेजारी असले तर औषध. समोरासमोर असले तर तेच अणू निरुपयोगी.

४/ औषधाचे मर्म पाण्यात आहे. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून तेथे रेणू बव्हंशी अभंग राहतो. पेशीत क्लोराइड पुष्कळ कमी. तेथे पाणी क्लोरीनची जागा घेते. असा सक्रिय झालेला रेणू डीएनएमधील ग्वानिनला चिकटतो, डीएनए वाकतो आणि पेशीचे विभाजन अडते. म्हणूनच सिसप्लॅटिन साध्या पाण्यात नव्हे, मिठाच्या सलाईनमध्ये देतात. त्याचे भावंड ऑक्सॅलिप्लॅटिन मात्र त्याच सलाईनमध्ये बिघडते. ते ग्लुकोजच्या द्रावणात द्यावे लागते.

५/ हे औषध मूत्रपिंडांनाही इजा करते. भरपूर सलाईन देऊन ती इजा कमी करता येते, हे कळल्यावरच त्याचा वापर सुकर झाला. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. यातले काहीही नशिबाने घडलेले नाही.

६/ महाराष्ट्राचा वाटाही कष्टाचाच. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर चाचणी केली. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. दर आठवड्याला सिसप्लॅटिनची जोड मिळालेल्यांपैकी ५४ टक्के. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

७/ मुळात रोग इतका वाढू न देणेही शक्य होते, आणि त्याचा पुरावा बीडच्या सीमेलगत होता. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणते, हे २००९ मध्ये जगाला कळले.

८/ आणि बीडमध्ये? तीन वर्षांत खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल,’ अशी भीती घातल्याचे अनेक ऊसतोड स्त्रियांनी सांगितले. शेजारच्या जिल्ह्यातून तपासणीचे ज्ञान जगभर गेले. उसाच्या फडापर्यंत मात्र भीतीच आधी पोहोचली.

९/ शोधाला ‘योगायोग’ म्हटले की संशोधकांचे श्रम पुसले जातात. उपेक्षेला ‘नशीब’ म्हटले की जबाबदारी पुसली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने हे दोन्ही शब्द संशयानेच वाचावेत.